विटेवरचं नाव

१५ जून २०२५. रविवार. मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार माणसं गेली. त्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी बातमी टाकली, खाली एक ओळ लिहिली: ‘चीनमध्ये असतं तर दुसऱ्या दिवशी भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या असत्या.’ त्यावर तीन अंगठे, दोन जोडलेले हात. आणि मग खास माझ्यासाठी, ‘काय पाहुणं, खरं का खोटं?’

मी नानजिंगला राहतो, २०१६ पासून. मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत सात वर्षं काढली, आता इथे एका युरोपीय कंपनीसाठी व्हॉल्व्हची कास्टिंगं तपासतो. व्हॉट्सॲप इथे सरळ चालत नाही, आडवाटेनं चालवावं लागतं. त्यामुळे चीनचं ते कौतुक चीनमध्ये पोचायला तासभर उशीरच झाला.

दाजी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. मेजरमेंट बुकात, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाच्या वहीत, आयुष्यभर सह्या केलेला माणूस. त्यांच्याशी वाद घालायचा तर पुरावा लागतो, नुसतं ‘तसं नसतं हो’ म्हणून भागत नाही. म्हणून त्या रात्री मी फक्त एक हसरा चेहरा पाठवला, आणि पुढच्या शनिवारी शहराच्या तटावर फिरायला गेलो.

नानजिंगचा तट मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने बांधला. झू युआनझांग त्याचं नाव. जन्म शेतमजुराच्या घरचा, दुष्काळात आईबाप गेले, काही काळ मठात राहून भीक मागितली, पुढे बंडखोरांच्या फौजेत शिरला आणि १३६८ मध्ये थेट गादीवर बसला. तटाचं काम त्याआधीच, १३६६ मध्ये सुरू झालं होतं. मूळ लांबी पस्तीसेक किलोमीटर. त्यातला पंचवीसेक किलोमीटर अजून उभा आहे. लोक त्यावर पळायला येतात, लग्नाआधीचे फोटो काढतात. मी जातो तो विटा बघायला.

एकेक वीट हातभर लांब, दोन हातांनी उचलावी अशी. आणि तिच्या अंगावर अक्षरं. कुठल्या जिल्ह्याची, कुठल्या तालुक्याची, जिल्ह्याचा अधिकारी कोण, तालुक्याचा कोण, गावपातळीवरचा मुखत्यार कोण, त्याच्या हाताखालचे दोघे-तिघे कोण, भट्टीवाला कोण, आणि शेवटी, ज्यानं चिखल मळून ती साच्यात थापली तो मजूर कोण. हे सगळं एका विटेवर. वीट फुटली तर वरपासून खालपर्यंत साखळीच हातात. मला पहिल्यांदा एका सहकाऱ्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा हसूच आलं. शिरोलीत आम्ही प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर ठोकायचो. पुढे कुठे तडा गेला तर कुठल्या दिवशीची, कुठल्या भट्टीची धातू होती, आणि पाळीवर कोण होतं, ते त्यावरून निघतं. म्हणजे माझ्या धंद्यातली अक्कल साडेसहाशे वर्षांपूर्वीच भिंतीत चिणून ठेवलेली होती.

(आपल्याकडे वीट म्हटली की पंढरपूर. तिथेही एकाच विटेला इतिहासात जागा मिळाली, पण ती पुंडलिकाने फेकली एवढंच आपण सांगतो. भाजली कोणी, ते कोणी विचारलं नाही.)

तर दाजींना सांगायचं ते हे, की चीनच्या राजघराण्यांनी मागे ठेवलेली मोठी गोष्ट बंदूक नव्हे, कागद आहे. नावनिशी आहे, वही आहे, परीक्षा आहे. घराणी आली, गेली. मंगोल आले, मांचू आले. बाहेरून घोड्यावर बसून आलेल्यांनाही गादीवर बसल्यावर हीच वही उघडावी लागली. आजचं सरकार स्वतःला क्रांतीचं म्हणवतं, पण कोणता अधिकारी कुठे नेमायचा, किती वर्षांनी हलवायचा, गल्लीतली माहिती वर कशी न्यायची, यात जुन्या दरबाराचा हात स्पष्ट दिसतो. चिंग, म्हणजे त्या मांचू घराण्याच्या काळात अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमत नसत, आणि साधारण तीन वर्षांनी उचलत. भाऊबंदकी जमायच्या आत माणूस हलला पाहिजे. आजही तालुक्याच्या पक्षप्रमुखाला त्याच्या स्वतःच्या तालुक्यात सहसा ठेवत नाहीत.

याचा तोटा जुन्या चिनी लेखकांनीच सांगून ठेवला आहे. साहेब परगावचा, त्याला स्थानिक बोली कळत नाही, रिवाज कळत नाही. कळतं ते कचेरीतल्या कारकुनाला, आणि तो कारकून बापाच्या जागी मुलगा असा चालत आलेला. सोंग घराण्याच्या काळातल्या एका विद्वानाची तक्रार अशी होती की अधिकाऱ्यांची वतनं गेली, पण कारकुनांची राहिली. हे वाचताना मला आमच्या गावची कुलकर्ण्यांची जुनी दप्तरं आठवली. आपल्याकडे परगणा आणि कुलकर्णी वतनं कायद्याने जायला १९५० साल उजाडलं. साहेब नवा आणि फाइल कुठल्या कपाटात आहे ते फक्त भाऊसाहेबांना ठाऊक, हा प्रकार कोणत्या देशाने कोणाकडून घेतला असं नाही. तो कचेरी उभी राहिली की आपसूक उगवतो.

आता परीक्षेचं. हा विषय आमच्या घरात जरा नाजूक आहे. आक्काचा धाकटा, माझा भाचा, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतो. पाचवं वर्ष. अभ्यासिका, मेस, टेस्ट सिरीज, पूर्व निघते, मुख्यला चार मार्कांनी राहतं. घरात त्याचा विषय निघाला की आक्का उठून स्वयंपाकघरात जाते.

नानजिंगमध्ये चिनह्वाई नदीच्या काठी कन्फ्यूशियसचं देऊळ आहे, आणि त्याला लागून जुनं च्यांगनान परीक्षागृह. आज तिथे जमिनीखाली उतरत जाणारं मोठं संग्रहालय आहे. ऐन भरात असताना इथे वीस हजारांवर कोठड्या होत्या. कोठडी म्हणजे तीन बाजूंनी भिंत, पुढे उघडं, रुंदी एका माणसाच्या पसरलेल्या हातांपेक्षाही कमी. आत दोन फळ्या. एकीवर बसायचं, दुसरीवर लिहायचं; रात्री दोन्ही एका पातळीवर आणून त्यांवर अंग मुडपून निजायचं. दर तीन वर्षांनी प्रांताची परीक्षा, तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी तीन दिवसांची. अन्न, मेणबत्त्या, पांघरूण सोबत आणायचं. आत जाताना झडती, कारण कपड्यांच्या अस्तरावर उंदराच्या मिशीएवढ्या अक्षरांत ग्रंथ उतरवून आणणारे महाभाग होतेच. त्यातली काही अंगरखी संग्रहालयात ठेवली आहेत. आणि एवढ्या सगळ्यांतून पास होणार शंभर-सव्वाशे.

भाच्याला मी व्हिडिओ कॉलवर ती कोठडी दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, ‘मामा, भाडं किती?’

ही परीक्षा सुई घराण्याच्या काळात, सहाव्या शतकाच्या अखेरीस नि सातव्याच्या सुरुवातीला आकाराला आली आणि १९०५ मध्ये बंद झाली. तेराशे वर्षं. मला तिच्यातली सगळ्यात थोर वाटणारी युक्ती सोंग काळातली आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकायला लागले. पण अक्षर ओळखीचं असलं तर? मग कारकुनांची फौज बसवली आणि प्रत्येक उत्तरपत्रिका नव्याने नकलून काढली. पुढच्या काळात उमेदवाराची प्रत काळ्या शाईत, कारकुनाची नक्कल लाल शाईत, आणि परीक्षकाच्या हाती फक्त लाल. विटेवर नाव हवं म्हणून एवढा आग्रह धरणारं हेच राज्य उत्तरपत्रिकेवर नाव दिसू नये म्हणून हजारो पानं पुन्हा लिहून घेत होतं. कुठे नाव लावायचं आणि कुठे झाकायचं, हे कळणं म्हणजे कारभार कळणं.

ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती वळसा घेऊन. कँटनच्या ब्रिटिश वकिलातीतला दुभाषी थॉमस टेलर मेडोज याने १८४७ मध्ये लिहिलं की चिनी साम्राज्य इतकं टिकलं ते गुणी माणसं निवडून वर आणण्याच्या पद्धतीमुळे, आणि ब्रिटननेही तसं करावं. १८५३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातल्या नोकऱ्या स्पर्धा परीक्षेला खुल्या झाल्या आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. चीनचा त्यात नेमका किती वाटा, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण त्या काळच्या विरोधकांनी ‘हे तर चिनी खूळ’ म्हणून नाकं मुरडली होती, तेव्हा नातं त्यांनाही दिसत होतंच. सदाशिव पेठेतली कॉट आणि चिनह्वाईकाठची फळी यांच्यात दूरची का होईना, सोयरीक आहे.

आमच्या ग्रुपवर आरक्षणाचा विषय निघाला की दुसरं एक ठरलेलं वाक्य येतं: ‘चीनमध्ये बघा, फक्त मेरिट.’ हे वाचून मला नानजिंगचंच १३९७ साल आठवतं. त्या वर्षीच्या सर्वोच्च परीक्षेचा निकाल लागला. पन्नासेक जण पास, सगळेच्या सगळे दक्षिणेकडचे. उत्तरेच्या उमेदवारांनी ओरड केली. बादशहाने फेरतपासणी लावली. तपासणाऱ्यांनी सांगितलं की निकाल बरोबर आहे, दक्षिणेच्या उत्तरपत्रिका खरोखरच सरस आहेत. बहुधा होत्याही. उत्तर शतकानुशतकं लढायांत भाजून निघाली होती, दक्षिणेत शाळा, छापखाने नि पैसा. झू युआनझांगने काय करावं? परीक्षकांपैकी काहींना ठार मारलं, ऐंशी ओलांडलेल्या मुख्य परीक्षकाला सरहद्दीवर धाडलं, पुन्हा परीक्षा घेतली आणि एकसष्ट जण पास केले. सगळे उत्तरेकडचे.

त्याची पद्धत रानटी होती, यात शंका नको. पण त्याने पकडलेला प्रश्न खरा होता: राज्य अर्ध्या देशाचं असेल तर उरलेला अर्धा ते आपलं का मानेल? त्याच्या वारसांनी डोकी न उडवता उत्तर काढलं. १४२७ पासून शंभरातल्या ५५ जागा दक्षिणेला, ३५ उत्तरेला, १० मधल्या प्रांतांना. हे कोटे कमीअधिक फरकाने पुढे चालू राहिले. आजच्या विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत, गाओकाओत, जागा प्रांतवार वाटलेल्या असतात. बीजिंगच्या मुलाला बीजिंगच्या नामांकित विद्यापीठात शिरणं हनानच्या मुलापेक्षा कितीतरी सोपं. अल्पसंख्याक जमातींच्या मुलांना जादा गुण देण्याची पद्धत आहे, आता ती आखडती घेतली जात असली तरी. मी नानजिंगला आलो त्याच वर्षी, २०१६ च्या मे महिन्यात, च्यांगसू प्रांतातल्या ३८,००० जागा पश्चिमेच्या मागास प्रांतांना देण्याचं सरकारने ठरवलं, आणि नानजिंगमध्ये शिक्षण खात्यासमोर पालक जमले. कोणाच्या ताटातलं कोणाला, हेच भांडण. प्रांतातल्या मुलांच्या जागा घटणार नाहीत असं आश्वासन सरकारला द्यावं लागलं. इथे ‘फक्त मेरिट’ असा काळ कधी होता, ते मला तरी सापडलेलं नाही. आरक्षण असावं की नसावं, किती असावं, कोणाला असावं, यावर वाद घालायला हरकत कोणाची? पण त्यात चीनला साक्षीदार म्हणून उभं करू नका. तो तुमच्या विरुद्ध साक्ष देईल.

अजून एक साम्य मी भाच्याला सांगितलं नाही, इथे लिहितो. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती, आठवतं? राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुपर्यायी न राहता वर्णनात्मक होणार होती, आणि तयारीत वर्षं घातलेल्या मुलांचं म्हणणं होतं की एवढ्या घाईने नको. शेवटी आयोगाने ती २०२५ वर ढकलली. चीनमध्ये मिंग काळापासून ‘अष्टपाद निबंध’ होता: आठ भागांत, ठरल्या मांडणीत, जोडीजोडीच्या वाक्यांत लिहायचा. टीकाकार म्हणत, यात डोकं चालत नाही, नुसता साचा चालतो. समर्थक म्हणत, साचा आहे म्हणूनच खेड्यातल्या पोराला नेमकं काय शिकायचं ते कळतं. साचा काढा, मग शहरातल्या, मोठ्या ग्रंथसंग्रहाच्या घरातल्याच मुलांचं फावेल. दोघांचंही खरं होतं. पेठेतल्या वादात मला हेच दोन आवाज ऐकू आले होते, फक्त एकात कोल्हापुरी हेल होता.

आणि नापास झालेल्यांचं काय? १९०५ पर्यंत या प्रश्नाचं उत्तर कोणाकडे नव्हतं, आजही नाही. ग्वांगदोंगमधला एक शाळामास्तर, होंग श्यूच्वान, पहिल्याच पायरीच्या परीक्षेत चार वेळा नापास झाला. १८३७ च्या अपयशानंतर तो आजारी पडला, तापात त्याला दृष्टांत झाले. १८४३ च्या अपयशानंतर त्यांचा त्याने अर्थ लावला की आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत. पुढे त्याच्यामागे जमलेल्या फौजेने १८५३ मध्ये नानजिंग जिंकलं आणि अकरा वर्षं इथे राज्य केलं. त्या तायपिंग युद्धात मेलेल्यांचा अंदाज दोन कोटींच्या पुढे जातो. गंमत बघा, नापासांच्या या राज्यानेही गादीवर बसल्यावर स्वतःच्या परीक्षा घेतल्या! १८६४ मध्ये सरकारी सेनापती झेंग ग्वोफानच्या फौजेने शहर परत घेतलं, आणि रस्त्यांवरची राख थंड होते न होते तोच त्याने परीक्षागृह दुरुस्त करून त्याच वर्षी परीक्षा भरवली. पोरांना कोठडीत परत बसवलं की राज्य परत आलं, हे त्याला कळत होतं.

आज कोठड्या नाहीत, पण रांग आहे. १९७७ च्या हिवाळ्यात, माओने घडवलेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या उलथापालथीनंतर गाओकाओ पुन्हा सुरू झाली तेव्हा ५७ लाख बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास घेतले. २०२४ मध्ये अर्ज होते १ कोटी ३४ लाख २० हजार. आणि २०२५ साठीच्या केंद्रीय सरकारी नोकरीच्या परीक्षेत, गुओकाओत, ३९,७०० जागांसाठी ३४ लाखांवर उमेदवार पात्र ठरले. खाजगी कंपन्यांत माणसं कमी होतायत, घरांचा बाजार बसलाय, त्यामुळे ‘लोखंडी वाडग्या’ला, म्हणजे सरकारी भाताला, पुन्हा सोन्याचा भाव. जागा मिळाली की पोरं म्हणतात ‘शांग-आन’, किनाऱ्याला लागलो. आपल्याकडे पोस्ट निघते, इथे माणूस काठाला लागतो. माझ्या घरमालकीण बाईंचा नातू दोनदा बुडाला. इथे मावशीच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी ते ऐकून गलबललो होतो. या आयी परीक्षेच्या आदल्या दिवशी देवळात जाऊन लाल फीत बांधून आल्या. पक्षाच्या सभासद आहेत. मी काही विचारलं नाही.

दाजींचा मुद्दा अजून बाकी आहे. पूल पडतो तेव्हा काय?

इथेही पूल पडतात. २००७ मध्ये हुनान प्रांतात फंगहुआंगला बांधकाम चालू असलेला दगडी पूल कोसळला, ६४ माणसं गेली. २०२४ च्या १ मे रोजी ग्वांगदोंगमध्ये डोंगरातल्या महामार्गाचा तुकडा रात्री खचला, गाड्या एकामागून एक खाली गेल्या, ५२ मेले. शिक्षा झाल्या, होतात. भ्रष्टाचारात मृत्युदंडही होतो, हे दाजींचं खरं. पण फासाने पूल मजबूत होत असते तर झू युआनझांगनंतर चीनमध्ये एकही पूल पडला नसता. लाच खाणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याच्याइतक्या संख्येने मारणारा राजा क्वचित झाला असेल, आणि तोच शेवटी वैतागून म्हणे, सकाळी मारावेत तर संध्याकाळी नवे तयार.

विटेवरची नावं मी पुन्हा बघतो तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. ती वरून वाचण्यासाठी आहेत. बादशहाचा तपासनीस येणार, वीट आपटणार, नाव वाचणार, माणूस उचलणार. ज्या गावकऱ्यांनी ती वीट वाहून आणली त्यांनी ते नाव वाचून जाब विचारावा, अशी सोय त्यात नाही. २००८ च्या सिचुआन भूकंपात शाळा कोसळल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ५,३३५ मुलं मेली किंवा हरवली. शेजारच्या इमारती उभ्या आणि शाळा मात्र भुईसपाट, अशा जागी आईबापांनी विचारलं की बांधलं कोणी, तपासलं कोणी. त्यांना गप्प करण्यात आलं; जे बाहेरचे लोक नावं गोळा करायला गेले त्यांच्यातला एक तुरुंगात गेला. नाव विटेवर असणं आणि नाव वाचायचा हक्क असणं यांत एवढं अंतर आहे.

जुन्या दरबारात निदान एक फट होती. राजाच्या चुका राजालाच सांगणं हे ज्यांचं कामच होतं असे अधिकारी असत. हाय रुई नावाच्या मिंग अधिकाऱ्याने १५६६ मध्ये च्याजिंग बादशहाला लिहिलं की तुम्ही राज्य सोडून अमर होण्याच्या औषधांमागे लागला आहात, आणि अर्ज देण्याआधी स्वतःसाठी शवपेटी विकत घेतली. बादशहाने कैदेत टाकलं. मारण्याआधी स्वतःच मेला, म्हणून हा सुटला. १५८७ मध्ये हाय रुई इथे, नानजिंगला, नोकरीत असतानाच वारला. घरात अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते, सहकाऱ्यांनी वर्गणी काढली. ही चारशे वर्षांपूर्वीची कथा वाटते ना? १९६० च्या सुमारास एका इतिहासकाराने हाय रुईवर नाटक लिहिलं. १९६५ च्या नोव्हेंबरात शांघायच्या वर्तमानपत्रात त्यावर टीका छापून आली, की जुन्या गोष्टीआडून रोख आजच्या राजवटीच्या धोरणांवर आहे, आणि त्या लेखापासून सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी पडली. नाटककार १९६९ मध्ये कैदेत मेला. मिंग काळातला फटकळ अधिकारी विसाव्या शतकात माणसं मारायला पुरेसा जिवंत होता. राजघराण्यांचा प्रभाव म्हणतात तो असा. संग्रहालयात काचेआड बसत नाही.

पण हा वारसा म्हणजे हुकूमशाहीच, असंही म्हणता येत नाही, आणि इथे मी ग्रुपवरच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे माझ्या पुतणीला उत्तर देतो. तिच्या मते चीनकडून शिकण्यासारखं काही नाही, सगळा गुलामीचा कारखाना. १९१२ मध्ये शेवटच्या बादशहाने गादी सोडली तेव्हा सुन यत-सेन याच शहरात, झू युआनझांगच्या थडग्यावर जाऊन ती बातमी सांगून आले होते. राजेशाही संपवणारा माणूस! आणि याच माणसाने नव्या प्रजासत्ताकासाठी मांडणी केली ती पाश्चात्त्यांच्या तीन सत्तांवर थांबली नाही. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ यांच्या जोडीला त्याने दोन जुन्या चिनी खांबांना जागा दिली: परीक्षा मंडळ आणि नियंत्रण मंडळ. पहिलं त्या वीस हजार कोठड्यांचं वारस, दुसरं राजाच्या चुका दाखवणाऱ्या त्या अधिकाऱ्यांचं. ही दोन्ही मंडळं आज तैवानमध्ये आहेत, आणि तिथे लोक दर चार वर्षांनी मतदान करून सरकार निवडतात. आजी एकच, नातवंडं दोन घरांत वाढली.

हे सगळं मी दाजींना एका लांबलचक संदेशात लिहिलं. इतकं लांब ग्रुपवर कोणी वाचत नाही याची कल्पना होती. शेवटी त्यांच्या खात्याचंच विचारलं: रस्त्याच्या कडेला निळा फलक लावता ना तुम्ही लोक, कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, रक्कम, दोष दायित्व कालावधी? ती आपली वीटच की. आणि माहितीचा अधिकार महाराष्ट्राने २००२ मध्ये आणला, देशाचा कायदा २००५ मध्ये आला. मेजरमेंट बुकाची नक्कल मागायला आता बादशहाचा तपासनीस लागत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. तुम्ही नोकरीत होता तेव्हा तुमच्या टापूत असे अर्ज किती आले? कुंडमळ्याला तर पूल धोकादायक असल्याचा फलकसुद्धा होता म्हणतात. वाचणारं होतं कोण, आणि वाचायला लावणारं?

दोन दिवस काही नाही. निळी खूण आली होती, म्हणजे वाचलं होतं. तिसऱ्या दिवशी फोनच आला, थेट, आडवाटेनं, आवाज तुटत.

‘तुझं ते वाचलं,’ दाजी म्हणाले. ‘अर्ज आले सात. त्यातले पाच एकाच माणसाचे. त्याला आम्ही सगळे ऑफिसात वेडा म्हणायचो.’

मग थोडा वेळ नुसती खरखर. मला वाटलं, लाइन गेली.

‘वीट किती किलोची म्हणालास?’

मी म्हटलं, वजन केलेलं नाही, पण दहा-पंधरा किलो तरी असेल.

‘फोटो पाठव,’ म्हणाले, ‘अक्षरं दिसतील असा.’